हवेतले ठोसे आणि अंगावरची झटापट

तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर होणारा स्वसंरक्षण शिबिराचा समारोप अनेकांनी पाहिलेला असतो. पांढऱ्या पोशाखातल्या मुली सरळ रांगांत उभ्या राहतात. शिट्टी वाजली की सगळ्या एकदम हवेत ठोसा मारतात, आरोळी घुमते, एखादी मुलगी हाताने कौले फोडते, पाहुणे टाळ्या वाजवतात आणि प्रमाणपत्रे वाटली जातात. देखणा सोहळा असतो तो, आणि मुलींच्या चेहऱ्यावरचा आनंदही खरा असतो. फक्त ज्याच्यापासून संरक्षण करायचे तो माणूस त्यात नसतो. मनगट धरून न सोडणारा, ढकलणारा, शिवी देणारा, किंवा गोड बोलत बोलत जवळ सरकणारा माणूस त्या मैदानावर कुठेच दिसत नाही.

या रांगेला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो ओकिनावा बेटावरचा आहे. तिथे एकेकाळी कराटे म्हणजे गुरूने आपल्या घराच्या अंगणात दोन-चार शिष्यांना शिकवायची गोष्ट होती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसु आंको या गुरूने ती शाळेत नेली. 1901 पासून शुरी गावच्या शाळेत मुलांना कराटे शिकवले जाऊ लागले आणि त्यांच्यासाठी इतोसुने 'पिनान' नावाचे सोपे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, बांधल्या. एका शिक्षकासमोर पन्नास मुले असली की शिकवण्याची पद्धत बदलणारच. मुले रांगेत उभी राहिली, आज्ञा एक आणि हालचालही एक झाली. शरीर घडवणे, शिस्त लावणे, सैन्यात उपयोगी पडतील असे तरुण तयार करणे हा त्यामागचा हेतू होता आणि 1908 साली लिहिलेल्या पत्रात इतोसुने तो लपवलेलाही नाही. पुढे 1922 मध्ये फुनाकोशी गिचिन हीच विद्या घेऊन टोकियोला गेले, विद्यापीठांच्या क्लबांतून ती कवायत आणखी पक्की झाली आणि जगभर पसरली. आपल्याकडे 1973 च्या 'एंटर द ड्रॅगन'ने शहरांतल्या पोरांना वेड लावले. त्यानंतर गल्लोगल्ली कराटेचे क्लास निघाले, ते ही रांग आणि तिच्यासोबत रंगीत पट्ट्यांच्या परीक्षा घेऊनच.

म्हणजे शाळेच्या मैदानावर जे दिसते ते शारीरिक शिक्षण आहे, आणि चांगले शारीरिक शिक्षण आहे. त्याला स्वसंरक्षण म्हटले की घोटाळा सुरू होतो.

या घोटाळ्यावरचा पहिला मोठा उतारा सापडला तोही जपानमध्येच, आणि इतोसुच्या शाळेच्याही आधी. 1882 साली टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात कानो जिगोरो या तरुण शिक्षकाने बारा चटयांच्या जागेत आपली तालीम सुरू केली. ती पुढे कोदोकान म्हणून प्रसिद्ध झाली. कानोने जुजुत्सूच्या दोन जुन्या घराण्यांत शिक्षण घेतले होते. जुजुत्सूत बोटे मोडण्याचे, सांधे निखळवण्याचे, मर्मावर आघात करण्याचे प्रकार भरपूर होते. अडचण अशी की असले प्रकार जोडीदारावर पूर्ण ताकदीने करता येत नाहीत. मग ते ठरवून, हळू, एकाने करायचे आणि दुसऱ्याने निमूटपणे पडायचे, असे चालत असे. कानोने धोकादायक प्रकार मुक्त सरावातून काढून ठरावीक रचनांपुरते ठेवले. जे उरले, म्हणजे फेकणे, दाबून धरणे, गळा आवळणे आणि मर्यादित प्रमाणात सांधा पिरगाळणे, ते समोरचा जिवाच्या आकांताने विरोध करत असताना करायचे. या मुक्त सरावाला 'रांदोरी' म्हणतात.

त्यातून जे निघाले ते आजही अनेकांना उलटे वाटते. भात्यातले सर्वांत घातक बाण काढून टाकलेली शाळा अधिक बलवान निघाली. 1880 च्या दशकात टोकियो पोलिसांच्या आश्रयाने झालेल्या लढतींत कोदोकानच्या शिष्यांनी जुन्या घराण्यांच्या लोकांना मात दिली आणि कानोच्या या कलेचे, ज्यूदोचे, नाव झाले. 'आमची विद्या इतकी भयंकर आहे की ती सरावात वापरताच येत नाही' असे सांगणारे शिक्षक आजही भेटतात. त्यांना उत्तर तेव्हाच मिळालेले आहे: जे सरावात वापरता येत नाही ते अंगात मुरत नाही.

कुस्तीच्या मुलखात हे वेगळे सांगायला नको. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद पोराला ढाक समजावून सांगतो, कलाजंग करून दाखवतो, पण पोरगा डाव शिकतो तो लाल मातीत दुसऱ्याने त्याला दहा वेळा आपटल्यावर. खडाखडीत समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे हे पुस्तकातून कळत नाही, ते हातांना कळते. त्याच कोल्हापुरात मर्दानी खेळांची परंपराही जिवंत आहे. दांडपट्टा, लाठी, विटा, बोथाटी यांची प्रात्यक्षिके पाहताना डोळ्यांचे पारणे फिटते. ती युद्धविद्या होती आणि आज वारसा म्हणून ती जपलीच पाहिजे. परंतु रात्री एसटी स्टँडवर कोणी अंगावर आले तर दोन वर्षे दांडपट्टा फिरवलेल्या मुलापेक्षा दोन वर्षे मातीत घोळलेला मुलगा अधिक निभावून नेईल, हे कोल्हापूरकर स्वतःच सांगतील.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात जिम चालवणारे प्रशिक्षक मॅट थॉर्नटन यांनी हाच विचार आजच्या भाषेत मांडला. सराव जिवंत हवा, हा त्यांचा आग्रह. समोरचा हलता हवा, त्याच्या हालचालीची वेळ आधी ठरलेली नसावी आणि त्याने खरा जोर लावावा. यातले एक जरी नसले तर ती कवायत. त्यांची शिकवण्याची पद्धत तीन पायऱ्यांची आहे. आधी डाव विरोधाशिवाय दाखवायचा, आणि यात फार वेळ घालवायचा नाही. मग तेवढाच प्रसंग वेगळा काढून वाढत्या विरोधात घोटायचा: उदाहरणार्थ, एक जण खाली, दुसरा छातीवर बसलेला, खालच्याने फक्त सुटायचे. शेवटी तो डाव पूर्ण लढतीत मिसळायचा. यात पट्ट्याचा रंग, गणवेश, जपानी शब्द कशालाच महत्त्व नाही. थॉर्नटन यांच्या बोलण्यात जुन्या घराण्यांविषयी तिखटपणा बराच आहे आणि तो काही वेळा अन्यायकारकही वाटतो. मुद्दा मात्र खोडता येत नाही.

त्याची कसोटी जगासमोर दोनदा लागली. 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हरमध्ये वेगवेगळ्या युद्धकलांच्या लोकांना एकमेकांशी लढवणारी पहिली यूएफसी स्पर्धा भरली. बॉक्सर, कराटेवाले, सुमो पहिलवान, किकबॉक्सर असे सगळे होते. जिंकला तो सडपातळ अंगाचा ब्राझीलचा रॉयस ग्रेसी. त्याच्या घराण्याची कला म्हणजे ब्राझीलमध्ये रुजलेले कानोचे ज्यूदोच, जमिनीवरच्या झटापटीत मुरवलेले. एप्रिल 2017 मध्ये चीनमधल्या चेंगदू शहरात शू श्याओतोंग या मिश्र युद्धकलेच्या लढवय्याने एका ताइ ची गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवले. चित्रफीत जगभर गेली. गंमत अशी की चीनमध्ये टीकेचा भडिमार झाला तो जिंकणाऱ्यावर.

इथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, मग प्रश्न सुटला. सगळ्यांना ज्यूदो, कुस्ती, बॉक्सिंग शिकवा. प्रश्न इतका सोपा नाही. जिवंत सरावाची किंमत असते आणि ती कधी फार मोठी असते. जपानमध्ये 1983 नंतरच्या सुमारे तीन दशकांत शाळांतल्या ज्यूदोच्या सरावात शंभराहून अधिक मुले दगावली, हे नागोया विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ उचिदा र्‍यो यांनी नोंदी उकरून दाखवले, तेव्हा तो देश हादरला. बहुतेकांना डोक्याला मार बसला होता, आणि त्यांत नवशिकी मुले बरीच होती. 2012 पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीची होणार होती, त्यामुळे वाद आणखी पेटला. मग नव्या मुलांना कोणते डाव शिकवायचे नाहीत, डोके आपटल्यावर काय करायचे, याचे नियम कडक झाले आणि मृत्यू कमी झाले. पोराला पहिल्याच महिन्यात दणादण आपटणारा शिक्षक कडक नसतो, अडाणी असतो. आधी पडायला शिकवणे हे त्याचे पहिले काम.

पडण्याविषयी जाता जाता एक गोष्ट. ज्यूदो शिकलेल्या माणसाला रस्त्यावर गुंड भेटण्याची शक्यता थोडी, पण ओल्या मोरीत किंवा दुचाकीवरून पडण्याची शक्यता भरपूर. हनुवटी छातीशी, हात जमिनीवर सपाट, शरीर गोल, हे त्या वेळी उपयोगी पडते. नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या संशोधकांनी तर वृद्धांसाठीच्या प्रशिक्षणात युद्धकलांतले पडण्याचे तंत्र घेतले आहे. आयुष्यभराच्या हिशेबात सर्वांत जास्त वापरली जाणारी स्वसंरक्षणाची कला हीच असावी.

किमतीपेक्षा मोठी अडचण दुसरी आहे. आखाड्यात दोघांनाही लढत आहे हे ठाऊक असते. वजन जुळवलेले असते, पंच असतो, वेळ ठरलेली असते. रस्त्यावर, घरात, ऑफिसात यातले काहीच नसते. हे ओळखून ज्यांनी वेगळी वाट काढली त्यांत दोन नावे मोठी. विल्यम फेअरबेर्न 1907 मध्ये शांघायच्या पोलीस दलात दाखल झाले, गस्तीवर असताना टोळीच्या हातून अर्धमेले होईपर्यंत मार खाल्ला आणि शुद्धीवर आल्यावर जुजुत्सू शिकायला लागले. त्या काळचे शांघाय म्हणजे टोळ्या, अफू आणि सुरे. तिथल्या अनुभवातून त्यांनी फाफटपसारा टाकून मोजके आघात ठेवले: तळहाताने हनुवटीवर, हाताच्या कडेने मानेवर, गुडघा जांघेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना ते हेच शिकवत. दुसरे इमी लिश्टेनफेल्ड. ब्रातिस्लाव्हात वाढलेला हा कुस्तीगीर आणि बॉक्सर 1930 च्या दशकात ज्यू वस्तीवर चालून येणाऱ्या जमावांशी भिडला तेव्हा त्याला कळले की पदके मिळवून देणारे डाव गर्दीत जसेच्या तसे चालत नाहीत. पुढे इस्रायली सैन्यासाठी त्याने क्राव मागा घडवले.

या दोघांच्या गोष्टीचा शेवट जाहिरातींत नेहमी गाळला जातो. फेअरबेर्न वर्षानुवर्षे कोदोकानच्या पद्धतीत रगडले गेले होते, त्यांना तिथला दुसऱ्या श्रेणीचा काळा पट्टा होता. इमी विजेता पहिलवान होता. त्यांनी डाव कमी केले ते भरपूर झटापट अंगावर घेऊन झाल्यावर. आज शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत 'फक्त पाच हालचाली, कोणीही शिकू शकेल' असे सांगून जे विकले जाते, त्यात त्या पाच हालचाली असतात, मागची दहा वर्षे नसतात.

सुऱ्याच्या बाबतीत तर हा प्रकार जिवावर बेतणारा आहे. अशा वर्गांत जोडीदार रबरी सुरा घेऊन एक लांबलचक वार करतो आणि हात तसाच पुढे ठेवून उभा राहतो. मग शिकणारा त्याचे मनगट पकडतो, पिरगाळतो, सुरा गळून पडतो. खरा हल्लेखोर एका हाताने कपडा धरतो आणि दुसऱ्या हाताने शिवणयंत्राच्या वेगाने वार करत सुटतो. 1983 मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनी दाखवून दिले की 21 फुटांवर उभा असलेला माणूस सुमारे दीड सेकंदात अंगावर येतो. कमरेचे पिस्तूल काढून नेम धरायला पोलिसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. प्रामाणिक प्रशिक्षक एक साधा प्रयोग करतात. जोडीदाराच्या हाती रबरी सुऱ्याऐवजी स्केच पेन द्यायचे, शिकणाऱ्याने पांढरा टी-शर्ट घालायचा आणि जोडीदाराला सांगायचे, मनात येईल तसे वार कर. अर्ध्या मिनिटानंतर टी-शर्टवरच्या रेघा मोजायच्या. त्यानंतर सुऱ्याविरुद्ध पहिला उपाय पळणे, दुसरा मध्ये खुर्ची-टेबल-सॅक काहीतरी आणणे, आणि हातांनी झुंजणे हा अगदी शेवटचा, हे व्याख्यानाशिवाय कळते.

पण अनोळखी माणूस, अंधारी गल्ली, हातात सुरा, हे चित्रच मुळात बहुतेक हल्ल्यांचे चित्र नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2021 च्या अहवालात बलात्काराचे 31,677 गुन्हे नोंदले आहेत आणि त्यांतल्या 96 टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. यात लग्नाचे वचन देऊन फसवल्याच्या तक्रारीही मोजल्या जातात आणि नोंदच न झालेले गुन्हे वेगळे, हे लक्षात घेतले तरी कल स्पष्ट आहे. नातेवाईक, शेजारी, मित्र, ऑफिसातला वरिष्ठ. अशा माणसाने पहिल्यांदा मर्यादा ओलांडली तेव्हा मुलीच्या मनात येतो तो संकोच: 'आपलाच गैरसमज तर नाही ना? काका वाईट मानतील. घरी काय सांगायचे?' तिथे ठोसा अंगात असून भागत नाही. तो वापरायचा की नाही हे ठरवतानाच वेळ निघून जातो.

आणि ठरवले तरी शरीर ऐकेल याची खात्री नसते. स्टॉकहोममधल्या एका तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या 298 बलात्कारपीडित स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी अंग लक्षणीय प्रमाणात थिजल्याचे सांगितले आणि 48 टक्के स्त्रियांची स्थिती अगदी टोकाची होती. हाक फुटत नाही, हात हलत नाही. हा भित्रेपणा नव्हे, मज्जासंस्थेची प्रतिक्रिया आहे. 'तिने प्रतिकार का केला नाही?' असे विचारणाऱ्या वकिलांनी आणि पोलिसांनी, आणि त्यांच्याइतकेच कराटेच्या शिक्षकांनीही हा अभ्यास वाचायला हवा.

अमेरिकेत 1971 साली एका ब्लॅक बेल्ट मिळवलेल्या स्त्रीवर बलात्कार झाला. तिचे शिक्षण त्या क्षणी उपयोगी पडले नाही, आणि तिच्या शाळेने तिलाच दोषी धरले, असे सांगितले जाते. त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या मॅट थॉमस यांनी वेगळी पद्धत काढली. जाड गाद्यांचा पोशाख आणि मोठे शिरस्त्राण घातलेला प्रशिक्षक हल्लेखोराची भूमिका करतो. तो घाणेरडे बोलतो, मागून धरतो, खाली पाडतो. शिकणारी स्त्री घाबरते, थरथरते, आणि त्याच अवस्थेत पूर्ण ताकदीने लाथा मारते, ओरडते. डाव तीन-चारच असतात. भीतीने अंग भरलेले असताना हालचाल करण्याची सवय लागावी, एवढाच हेतू. कानोने शरीराच्या विरोधाबद्दल जे केले, ते इथे मनाच्या विरोधाबद्दल केलेले आहे.

स्त्रियांना झटापट शिकवायची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी. लंडनमध्ये एडिथ गॅरड ही जेमतेम पाच फुटांची बाई मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रियांना जुजुत्सू शिकवत असे; त्या चळवळीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना पोलिसांच्या हाती लागू न देण्यासाठी 1913 च्या सुमारास जे तीसेक स्त्रियांचे संरक्षक पथक उभे राहिले, ते तिच्याच हाताखाली तयार झाले. आपल्याकडे रवींद्रनाथ ठाकुरांनी 1929 मध्ये ताकागाकी शिंझो या ज्यूदो शिक्षकाला शांतिनिकेतनात आणले, मुलींनीही शिकावे हा त्यामागे विचार होता.

या सगळ्या मतांच्या गलबल्यात ठोस पुरावा मिळाला तो कॅनडातून. शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या प्रथम वर्षाच्या 893 विद्यार्थिनींवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले: एकाला बारा तासांचे प्रशिक्षण, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रके. वर्षभराने प्रशिक्षण घेतलेल्या गटात बलात्काराचे प्रमाण 5.2 टक्के होते, दुसऱ्या गटात 9.8 टक्के. बलात्काराच्या प्रयत्नांतला फरक तर आणखी मोठा, 3.4 आणि 9.3. हे निष्कर्ष 2015 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापले. पुढच्या पाहणीत परिणाम दोन वर्षांपर्यंत टिकल्याचे दिसले.

त्या बारा तासांत हातापायी किती होती? साधारण दोन तास. बाकीच्या वेळेत ओळखीच्या माणसाच्या वागण्यातले धोक्याचे इशारे कसे ओळखायचे, पार्टीत एकटे पाडण्याचे प्रकार कसे असतात, स्वतःच्या मनातला संकोच कसा अडवतो, नाही कसे म्हणायचे, आणि आपल्याला नात्यात नेमके काय हवे आहे, याची मोकळी चर्चा होती. शिकवणाऱ्या तरुणी विद्यार्थिनींपेक्षा थोड्याच मोठ्या. आपल्या शाळांत या चर्चेतला शेवटचा भाग घ्यायचा म्हटले तर पालकसभेत काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही. म्हणून आपण दोन तासांचा तुकडा उचलतो, तोही समोर माणूस न ठेवता, आणि दहा तासांचा गाळतो.

प्रतिकार केल्याने हल्लेखोर चवताळतो आणि अधिक इजा करतो, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या सारा उलमन यांनी या विषयावरच्या अभ्यासांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. जोरात ओरडणे, पळणे आणि अंगाने झुंजणे यांनी बलात्कार टळण्याची शक्यता वाढते. गयावया करणे, रडणे यांनी ती वाढत नाही. इजा आणि प्रतिकार यांचा संबंधही बहुतेक वेळा उलटा असतो. आधी इजा होते, म्हणून बाई झुंजते. प्रशिक्षकाने हे मुलींना आकड्यांसह सांगायला हवे. आणि त्याच दमात सांगायला हवे की ज्या क्षणी अंग थिजले त्याचा दोष तिच्याकडे जात नाही.

जून 2023 मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत भर दिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. हल्लेखोर तिच्या ओळखीचा, एकतर्फी प्रेमातल्या रागाने पेटलेला. ती जीव घेऊन पळाली, तो मागे. बघे बरेच होते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी पुढे होऊन त्याला अडवले म्हणून ती वाचली. या एका प्रसंगात ओळखीचा माणूस, धारदार हत्यार, पळण्याचा योग्य निर्णय आणि तिसऱ्या माणसाची मदत, सगळे आहे. शिबिरांच्या अभ्यासक्रमात मदत कशी मागायची आणि कशी करायची याला मात्र जवळपास जागा नसते. गर्दीला 'वाचवा' म्हणण्यापेक्षा एकाकडे बोट दाखवून 'निळ्या शर्टवाले दादा, पोलिसांना फोन करा' म्हणणे हेही घोटण्याचे कौशल्य आहे.

मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. तरुण पुरुषांच्या बहुसंख्य मारामाऱ्या 'काय बघतो रे?' या प्रश्नाने सुरू होतात. ओरेगनमधल्या तुरुंगात अधिकारी राहिलेले रोरी मिलर या प्रकाराला माकडांच्या नाचाची उपमा देतात: नजर, शब्द, छातीला छाती, धक्का, ठोसा. यात जीव घ्यायचा कोणाचा इरादा नसतो, पण ठोसा बसलेला माणूस फरशीवर डोके आपटून मरतो. सिडनीच्या किंग्ज क्रॉस भागात 2012 साली अठरा वर्षांचा मुलगा एका ठोशाने असाच गेला. नंतर 2014 मध्ये तिथल्या राज्याने अशा मृत्यूंसाठी वेगळा कायदाच केला. कोव्हेंट्रीच्या नाइटक्लबांच्या दारावर वर्षे काढलेले जेफ थॉम्प्सन उघडे तळवे छातीसमोर धरून अंतर राखत बोलायला शिकवत. बघणाऱ्याला तो समजावणीचा पवित्रा दिसतो, आणि गरज पडलीच तर हात आधीच वर असतात. आपल्या क्लासमधल्या सोळा वर्षांच्या पोराला 'सॉरी दादा' म्हणून निघून यायला शिकवणारे सर किती असतील? तेही घोटावे लागते, कारण मित्रांसमोर माघार घेणे हे धोबीपछाडपेक्षा अवघड.

कायदाही शिकवला जात नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमे खासगी बचावाच्या हक्काबद्दल आहेत. भारतीय दंड संहितेतली 96 ते 106 कलमे तीच होती. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोहोचतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि धोका संपला की हक्कही संपतो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात जानेवारी 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हल्ला झालेल्या माणसाकडून पळपुटेपणाची अपेक्षा कायदा करत नाही, आणि त्या धामधुमीत त्याने प्रत्येक घाव तराजूत तोलावा अशीही नाही. मात्र हा हक्क बचावाचा आहे, सूड उगवण्याचा नव्हे. क्लासमधला नेहमीचा क्रम पाहा: पकड सोडव, ठोसा मार, खाली पाड, वरून लाथ घाल. शेवटची लाथ शिकवणारे सर विद्यार्थ्याला आरोपीच्या पिंजऱ्याकडे ढकलत असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. 'मागे व्हा, हात लावू नका' असे मोठ्याने ओरडत मागे सरकण्याची सवय लावली, तर समोरचा बिचकतो आणि आजूबाजूला साक्षीदारही तयार होतात.

समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे: तीन महिने, शाळेला महिना पाच हजार रुपये. आठवड्यातून दोन-तीन तास धरले तरी कॅनडातल्या बारा तासांच्या दुप्पट वेळ हाताशी येतो. वेळ कमी नाही, पैसाही अगदीच नाही असे नाही. कमतरता आहे ती शिकवणाऱ्याच्या तयारीत. काता अचूक करून दाखवणाऱ्या सरांना काका, शेजारी, क्लासचे शिक्षक यांच्याविषयी आठवीतल्या मुलींशी कसे बोलायचे हे कोणी शिकवलेले नसते, आणि ते बोलायला पुष्कळदा तिथे बाईच हवी. रांगा मोडून मुलींच्या जोड्या लावायच्या, एकीने मनगट खरोखर घट्ट धरायचे आणि दुसरीने सोडवायचे, सुटले नाही तर ओरडायचे, चावायचे. खाली एक जुनी सतरंजी आणि चार गाद्या एवढेच त्याला लागते. मग तीन महिन्यांतले निम्मे तास वर्गखोलीत, दार लावून, बाईंसोबत गप्पांचे. समारोपाला दाखवण्यासारखे त्यातून फारसे काही निघणार नाही, आणि बहुतेक मुख्याध्यापकांची पहिली अडचण तीच असेल.